शेजाऱ्यांचं काळं नाणं

१६ ऑक्टोबर २०२०. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते, म्हणून मी देवाची चांदी घासायला काढली. मेलबर्नचा लॉकडाऊन संपायचं नाव घेत नव्हता. डँडेनॉन्गच्या आमच्या घरात नवरा आणि मुलगी लॅपटॉपसमोर, सिंकपाशी मी. टूथपेस्ट, जुना ब्रश, कोमट पाणी. निरांजन झालं, कुंकवाचा करंडा झाला. पेस्ट उरली होती, म्हणून शेजारच्या काकांची डबी उघडली.

काका म्हणजे पलीकडच्या घरातले ऐंशी उलटलेले चिनी गृहस्थ. जन्म इथलाच, पणजोबा सोन्याच्या खाणींवर आलेले. त्यांचं दूध-ब्रेड मी आणत असे. खुब्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी कुंपणावरून मला ही पत्र्याची डबी दिली.

"रिकाम्या घरात नको, लव्ह. मुलगी पर्थला, राज्यांची बॉर्डर बंद. बॉर्डर उघडली की हे तिलाच द्यायचंय."

आत चौकोनी भोकाचं, काळंकुट्ट चांदीचं नाणं. चीनमध्ये बादशहाविरुद्ध बंड करून ज्यांनी तायपिंग नावाचं स्वतःचं राज्य थाटलं, त्यांनी पाडलेलं. चांदीची फार थोडी उरलीत, म्हणाले. पुढेही बरंच सांगत होते. माझ्या पिशवीत आइस्क्रीम वितळत होतं. मी नुसतं "हो, हो" करत होते.

दहा मिनिटांत नाणं लखलखलं. जेवायला आलेल्या मुलीने ते पाहिलं.

"आई, हे अंकलचं कॉइन? तू घासलंस?"

"मग? सणासुदीला काळं परत देऊ?"

"ओ माय गॉड. जुनी कॉइन्स कधीच क्लीन करत नाहीत! ते काळं का होतं, विचारलंस तरी?"

विचारायची गरज नव्हती. त्यांनी सांगितलं होतं, ते आत्ता आठवलं. बंड मोडल्यावर असं नाणं सापडलं तर मान उडायची. म्हणून पणजोबांच्या आईने ते चुलीच्या धुरात धरून काळं केलं आणि मुलाच्या कोटाच्या अस्तरात शिवलं. त्यानंतर घरात कोणी ते पुसलंसुद्धा नव्हतं. ती काजळी मी टूथपेस्ट लावून सिंकमध्ये सोडली होती.

दुपारी हॉस्पिटलमधून काकांचा फोन आला. "उद्या सकाळी सोडतायत. डबी ठीक आहे ना?"

"एकदम सेफ," मी म्हटलं.

मुलीने नेटवर शोधलं: उकडलेल्या अंड्याजवळ ठेवली की चांदी काळी पडते. "म्हाताऱ्याची नजर अधू आहे, कळणारही नाही," नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस घरात अंडं शिजणार नव्हतं, तेव्हा जे करायचं ते आजच. दोन अंडी उकडली, फोडली, नाण्यासकट डब्यात बंद केली. संध्याकाळी झाकण काढलं. नाणं काळपट झालं होतं खरं, पण हा काळा रंग माझा होता, त्या बाईचा नव्हता. शिवाय काकांच्या मुलीने पुढे कधी विचारलं, तर ते माझा खोटेपणा तिला खरा म्हणून सांगणार. मी नाणं पुन्हा स्वच्छ केलं. "मग एवढा खटाटोप कशाला केलास?" नवऱ्याने विचारलं.

सकाळी परडीत माती भरत होते तेवढ्यात पलीकडे टॅक्सी थांबली. घट तसाच ठेवला, हात धुतले, मास्क लावला. काका वॉकर धरून फाटकापाशी पोचले होते. मी झाकण काढून डबी त्यांच्यासमोर धरली आणि ते "थँक्यू" म्हणायच्या आत म्हटलं, "हे मी घासलं. तुम्ही सांगत होतात तेव्हा मी ऐकत नव्हते."