थोरलेपणाचा एक दिवस

शुक्रवार, सोळा जानेवारी; सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेत जाण्यासाठी मी आवरत असताना बाबांचा फोन आला. "सुमी गेली गं... झोपेतच," एवढेच ते म्हणाले. सुमनआत्या ही बाबांची चुलत बहीण. निगडीच्या एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर तिने आमच्या कुळाचा इतिहास जुळवायला घेतला होता. ती गेली त्याला आता काही आठवडे झाले, आणि तिची आठवण काढू गेले की मन हटकून एकाच ठिकाणी जाऊन थांबते : टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, तिच्या चिखलीच्या घरात.

ताथवड्याचे वसतिगृह तातडीने रिकामे करायला सांगितले, तेव्हा चाकणला आईबाबांकडे जाणे अशक्य झाले होते; म्हणून मी आत्याकडे आले. तिच्या गल्लीतल्या वर्कशॉपांचे पत्रा ठोकणारे प्रेस बंद पडले होते. त्यांच्या दणक्याने एरवी कपबशा किणकिणत. आता भारद्वाजाचा घुमणारा आवाज दुपारभर घरात रेंगाळे. सावरीचा कापूस गॅलरीतून आत तरंगत येई, पंख्याखाली सावकाश भोवंडे आणि भिंतीवरच्या वंशावळीच्या तक्त्याला चिकटून राही. आज वार कोणता, हे एकमेकींना विचारावे लागे... आणि दोघींपैकी एकीलाही खात्रीने सांगता येत नसे.

आत्याला मात्र हा आठवडा पर्वणीसारखा वाटत होता. "एरवी एकाला शिफ्ट, दुसऱ्याला ओव्हरटाइम. आता सगळे कसे घरात सापडलेत बघ," असे म्हणत ती सकाळपासून नातेवाइकांना फोन लावी. तिच्या तक्त्यात मुलींनाही जागा होती आणि प्रत्येक नावापुढे त्या पिढीतला जन्मक्रम. तक्ता तिने स्वतःच्या पिढीपाशी थांबवला होता, आणि त्यात क्रमांकाच्या दोनच जागा रिकाम्या होत्या. एक बाबांची, एक तिची.

दोघे एकाच हंगामात जन्मले. दोघांच्याही आया रिवाजाप्रमाणे बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. बाळे घरी आली ती पुढे, आगेमागे. आजोबांनी दोघांना एकाच दिवशी शाळेत नेले आणि गुरुजींनी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दोघांचीही जन्मतारीख एक जून लिहून टाकली. घराने बाबांना थोरले ठरवले. आत्याने त्यांना जन्मभर 'दादा' म्हटले, दर भाऊबीजेला वाकून नमस्कार केला. पण तो मुलगा होता म्हणूनच थोरला ठरला, हा संशय तिला कधी सोडून गेला नाही. दोघांपैकी एकाचीही आई आता सांगायला उरली नव्हती. उरली होती ती एकटी त्यांची धाकटी काकी, चाकणपलीकडच्या गावात, त्या वेळी घरात नुकतीच आलेली नवी सून.

काकींना ऐकू कमी येई. आत्या फोनवर जवळजवळ ओरडत होती.

"व्हय गं, तुजाच सांगावा आदी आला," काकी म्हणाल्या. "मी शेणानं अंगण सारवीत व्हते. त्याचा मागनं आला, चार दिसांनी."

आत्याने फोन ठेवला आणि लगेच बाबांना लावला. "दादा म्हणायचं बंद आजपासून! मी थोरली आहे."

"बरं ताई," पलीकडून बाबा म्हणाले. "पाया फोनवरच पडतो. आशीर्वादात किराणा पाठव."

त्या दिवशी बाबांनी तीनदा फोन केला, दर वेळी "ताई, जेवलीस का?" आणि ती दर वेळी लाजल्यासारखी हसली. संध्याकाळी ती बराच वेळ गॅलरीत बसली होती. पण पेन तिने उचलले नाही.

सकाळी चहा ठेवण्याआधीच तिने पुन्हा काकींना फोन लावला. "काकी, सांगावा घेऊन कोण आलं होतं?"

"तुज्या येळंला तुजा मामा. रातीला तू झाली आन् उजाडताच त्यो दारात. आन् त्याचा मामा आला त्यो बारशाचं बोलावणं घिऊन. परवा बारसं हाय, म्हनला."

बारसे बाराव्या दिवशी. म्हणजे निरोप पोहोचला तेव्हा बाबा दहा दिवसांचे होते, आणि आत्या चार. बातमीचा क्रम आणि जन्माचा क्रम वेगळा होता. ही शंका खरे तर मला यायला हवी होती, कारण घटना केव्हा घडली आणि तिची नोंद केव्हा झाली हे वेगळे करून पाहणे, हेच माझे प्रयोगशाळेतले शिक्षण आहे. हा दुसरा फोन केला नसता, तर तिला कोणीही खोडून काढले नसते.

"दादा, चुकलं माझं. तूच थोरला," तिने बाबांना सांगितले.

"असू दे की गं सुमे! कोण विचारतंय आता? मला तर ताई म्हणायला आवडायला लागलं होतं."

"मी विचारतेय ना," आत्या म्हणाली.

मग तिने खुर्ची ओढली, तक्त्यावरचा कापूस फुंकरीने उडवला आणि बाबांच्या नावापुढे सहा लिहिले. तो तक्ता आजही त्या भिंतीवर आहे. स्वतःच्या नावापुढे तिने शेवटचा आकडा लिहिला : ७.