पावशेराचा बूट

सरकारने मला धावायचा बूट तपासण्याच्या कामावर नेमलं, त्याआधी मी आयुष्यात एकदाच धावलो होतो, आणि तेव्हा माझ्या मागे बैल होता. एवढा अनुभव पुरेसा आहे असं श्रीवास्तवसाहेबांना का वाटलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी तेव्हा ग्वाल्हेरात, गोरखीजवळच्या पोलिसांच्या कपडे-भांडारात त्यांच्या हाताखाली बडा बाबू होतो. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, त्या नावाची जिभेला सवय होते न होते, तोच मध्यभारतही मोडायला निघाला. विंध्य, भोपाळ, महाकोशल आणि आम्ही अशी चार ठिगळं शिवून एक भला मोठा प्रांत होणार होता. राजधानी भोपाळ. (इंदूर नाही, एवढंच काय ते समाधान.) आता चार सरकारांचे बाबू एका सरकारात कोंबायचे म्हटल्यावर निम्म्या ग्वाल्हेरने भोपाळला बिस्तरा बांधणं आलंच. आमच्या भांडारातली फक्त एक खुर्ची इथे राहणार होती. ती मला हवी होती, कारण आमच्या सौभाग्यवतीला मुलींच्या शाळेत नुकतीच पक्की नोकरी लागली होती आणि तिने मला स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलं होतं, "तुमची बदली झाली तर पत्र पाठवत जा."

अशात नव्या प्रांताच्या पोलिसांसाठी बूट ठरवायची वेळ आली. भरती झालेल्या जवानांना पक्क्या सडकेवर धावायला लावायचं, तर चार ठिकाणचे जवान चार तऱ्हेचं काही पायात घालत होते. आमचे खिळे ठोकलेल्या कातडी बुटांत धावत, आणि ते धावले की म्हशींचा तांडा आला असं वाटून बाया दारं लावून घेत. तेव्हा सगळ्यांना एकच हलका, कॅनव्हासचा, रबरी तळाचा बूट द्यावा, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. चारी ठिकाणी एकेक जोड तपासायला आला. आमचा जोड साहेबांनी माझ्यापुढे ठेवला.

मी विचारलं, एखाद्या जवानाला का नाही देत? साहेब म्हणाले, "जवान तो नंगे पाँव भी दौड़ लेगा. आप दौड़ गए, तो समझो कोई भी दौड़ लेगा."

अपमान मी गिळला. कारण पुढचं वाक्य असं होतं, की ज्याचा अहवाल चांगला, त्याच्या नावाचा खुर्चीसाठी विचार करू. एक महिना बूट वापरायचा, साठ मैल धावायचं, मग समितीपुढे महाराज बाड्याच्या चौकापर्यंत धावत जाऊन परत येऊन दाखवायचं. सोबत एक छापील कागद: वजन, लवचिकपणा, टाचेची पकड, तळाची झीज, शेवटी शिफारस.

वजनापासूनच छळ सुरू झाला. घरच्या तराजूत बूट ठेवला, तर सौभाग्यवतीने तराजू आणि मी, दोघांनाही अंगणात काढलं. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या किराणावाल्याने 'इसमें गुड़ तुलता है' म्हणून हात जोडले. शेवटी एका रद्दीवाल्याने जुन्या वर्तमानपत्रांच्या बदल्यात तोलून दिला. एका पायाचा बूट बरोब्बर पावशेर! मी अभिमानाने तो घरी आणला आणि आबाकाकांच्या तळहातावर ठेवला.

आबाकाका म्हणजे माझे सख्खे चुलते. संस्थानच्या पलटणीतून जमादार म्हणून निवृत्त झालेले, मूलबाळ नाही, आमच्याकडेच राहत. त्यांच्या मते जगात माणसं दोन प्रकारची: ज्यांचे बूट दुरून ऐकू येतात ती, आणि चोर. त्यांनी बूट वरखाली करून पाहिला, वाकवून पाहिला, हुंगला.

"आवाज कुठाय याचा?"

"काका, याला आवाज नसतोच. हलका आहे म्हणून."

"मग हा जुता नाही बापू, मोजा आहे. घराण्याचं नाव बुडवशील."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धावायला निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत वाऱ्यासारखा गेलो, हे मी शपथेवर सांगतो. तिथून पुढे वारा पडला. अर्ध्या मैलावर उजवी टाच अशी चावली, की मी एका ओट्यावर बसून बूट काढला, तर रुपयाएवढा फोड! परतताना बूट हातात आणि मी अनवाणी. वाटेत ओळखीचे तिघे भेटले. तिघांनीही 'कुणाच्या घरातून उचललेत?' एवढंच विचारलं.

पुढचे आठ दिवस मी धावण्याऐवजी फोड जपला. कागदावर मैल मात्र चढत होते. (ते मी बसल्या जागी लिहीत होतो. हाताला फोड येत नाही.) पण समितीचा दिवस जवळ येत चालला, तेव्हा एका रविवारी दुपारी मी लाज सोडून काकांना विचारलं, की पलटणीत नवा बूट चावला तर काय करत?

एवढा प्रश्न मी विचारला नसता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. काकांचे डोळे चमकले. विलीनीकरणानंतर त्यांना लष्करी सल्ला कुणी विचारलाच नव्हता.

"कडवं तेल," ते म्हणाले. "आतून बाहेरून भरपूर. जनावर कसंही असो, तेलानं नरम येतं."

आता कडवं तेल म्हणजे सरसोंचं, मोहरीचं. आमच्याकडे ते लोणच्यात, दिव्यात, डोक्यात आणि तान्ह्या बाळात सगळीकडे मुरतं, तेव्हा बुटात मुरलं तर बिघडलं कुठे, असं मला वाटलं. मीच बरणी आणली. हे मुद्दाम कबूल करतो, कारण पुढे घरात मी काकांचंच नाव सांगत फिरलो. काकांनी दोन्ही बुटांत पेल्याने तेल ओतलं, तळाला चोळलं, नाड्यासुद्धा भिजवल्या, आणि तसेच दोन दिवस कोनाड्यात ठेवले. चामड्याच्या बुटावर हा उपाय रामबाण असेलही. पण कॅनव्हास तेल पितं आणि रबर तेलाने फुगतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बूट काढले. टाच खरोखर नरम आली होती. सगळंच नरम आलं होतं. तळ इतका फुगला होता की बूट जमिनीवर ठेवला तर डुलत होता. बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तो विचार करत करत भरून यायचा. मी रद्दीवाल्याकडे धावलो. (होय, धावलो. हा एकच पल्ला अहवालात खरा आहे.) पावशेराचा बूट दीड पाव भरला! रद्दीवाल्याने, बाबूजी, हा बूट काय खातो, असं विचारलं.

"यात बेसन घाला," सौभाग्यवती म्हणाली. "साडीवर तेल सांडलं की आम्ही तेच करतो."

मी शेरभर बेसन घातलं आणि बूट छपरावर वाळत ठेवले. ज्येष्ठातलं ऊन, पत्र्याचं छप्पर, तेलात भिजलेलं बेसन. दुपारी बारापर्यंत आमच्या छपरावरून भज्यांचा असा खमंग वास सुटला, की शेजारीण वाटी घेऊन दारात आली. काय तळलंय, ते सांगायचं धैर्य घरात कुणालाच झालं नाही. काका तेवढे खुशीत होते. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आता चावणार नाही. लिहून घे माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी समिती. श्रीवास्तवसाहेब आणि भोपाळहून आलेले दोन अधिकारी भांडाराच्या दारात खुर्च्या टाकून बसले. वेळ सकाळची ठरली होती, पण चहा, ओळखी आणि हार यांत अकरा वाजले. डांबर वितळायला लागलं होतं. मी बूट चढवले. पाय आत गेला तेव्हा जो आवाज झाला, तो दहीवड्यात बोट घातल्यावर येतो तसा होता.

शिटी वाजली आणि मी सुटलो. जाताना बरा गेलो. टाच चावत नव्हती. काकांचा शब्द खरा होता. फक्त प्रत्येक पावलाला बुटातून थोडंसं पिवळं बाहेर यायचं. बाड्यावर पोचेपर्यंत मागे तीन कुत्री लागली होती. ती भुंकत नव्हती, चावत नव्हती, नुसती जिभा काढून आशेने पळत होती. भाजीवाले उठून उभे राहिले. एकाने ओळखून हाक मारली, "बाबूजी, क्या बाँट रहे हो?"

परतताना नेमकं, जिथे सडकेवर नवं डांबर होतं तिथे उजवा पाय टेकला आणि उचलला. म्हणजे पाय उचलला गेला. तळ सडकेवरच राहिला! मागे वळून पाहतो तर माझा अख्खा तळवा डांबरात उमटल्यासारखा चिकटलेला, आणि तिन्ही कुत्री त्याभोवती पंगतीला बसलेली. परत जाऊन तो उचलावा, तर कुत्री गुरगुरली. आता नुसत्या कॅनव्हासमधून डांबर भाजायला लागलं आणि माझा वेग आपोआप वाढला. तेवढ्यापुरता मी इतका जोरात धावलो, की भोपाळचे अधिकारी घड्याळ पाहून चकित झाले, असं मागाहून कळलं.

मी भांडाराच्या दारात येऊन थांबलो. डाव्या पायात फुगलेला बूट, उजव्या पायात कापडाचं कडं, पोटऱ्यांवर बेसन. साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी खाली वाकून बूट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"इसमें आपने क्या डाला था?"

खरं सांगायची तीच वेळ होती. पण डोळ्यांपुढे ती खुर्ची दिसली, आणि रेल्वेचा डबा दिसला, आणि पत्र पाठवत जा म्हणणारी बायको दिसली.

"पैर, साहब," मी म्हणालो.

एकदा खोटं बोललं की ते शेवटपर्यंत निभवावं लागतं. त्या संध्याकाळी मी संतापून अहवाल लिहायला बसलो. संताप मात्र अगदी खरा होता. बुटावर, उन्हावर, कुत्र्यांवर, काकांवर, चार प्रांत एकत्र करणाऱ्यांवर! सात पानं झाली. हा बूट फुगतो, गळतो, जनावरांना भुलवतो, सडकेला चिकटतो. असा बूट जवानांच्या पायात घालणं म्हणजे पायांचा विश्वासघात, असं मी लिहिलं. पाचव्या पानावर तर मी बहरलोच. कातडी बूट नीट तेल पाजून सांभाळला तर तीस वर्षं टिकतो, आणि यास माझे चुलते, निवृत्त जमादार, साक्षी आहेत, असंही लिहून टाकलं. (तेलाचं नाव एवढ्या एकाच ठिकाणी आलं, आणि तेही गौरवाने.)

महिनाभराने निकाल लागला. बाकीच्या तिन्ही ठिकाणांहून बुटाची तोंडभरून स्तुती आली होती. मी म्हटलं, संपलं. पण साहेबांनी मला बोलावून चहा पाजला. भोपाळचे मोठे अधिकारी म्हणत होते, की तिघांनी बूट पायात न घालताच स्तुती लिहिली असणार. जीव ओतून धावला तो एक ग्वाल्हेरवाला. खरेदी थांबवण्यात आली होती. असा निर्भीड माणूस नव्या प्रांताच्या मुख्य कचेरीतच हवा. तपासणी विभाग, भोपाळ. हुकूम निघालासुद्धा होता.

मी हात जोडले. घर, बायको, वयस्कर काका, सगळं सांगितलं. बूट दोषी नव्हता हे तेवढं सांगता येईना, कारण ते सांगितलं तर भोपाळही जाणार आणि नोकरीही.

आणि इथल्या खुर्चीवर कोण? हलके बूट रद्द, म्हणजे जुने कातडी बूट चालू राहणार. भांडारात त्यांचे ढीग पडलेले. त्यांची निगा राखायला जाणकार माणूस हवा. साहेबांनी अहवालाचं पाचवं पान उघडलं आणि विचारलं, आपके चाचाजी आजकल क्या करते हैं?

काका तात्पुरते म्हणून रुजू झाले. दहा मिनिटांत पायी कचेरीत जात, दुपारी घरी येऊन गरम पोळी खात. स्टेशनवर मला सोडायला आले तेही सरकारी वेळेतून सुटी काढून.

"तिथे चढाव आहेत म्हणतात," ते म्हणाले. "जपून धाव."

भोपाळला पहिल्याच आठवड्यात तीन नवे जोड माझ्या टेबलावर आले. तेव्हा माझ्या डोक्यात एक युक्ती आली. निंदा केली म्हणून मला इथे आणलं ना? मग स्तुती केली की परत पाठवतील! मी प्रत्येक बुटावर 'अति उत्तम' लिहायला लागलो. टाच सोलली, अति उत्तम. अंगठा बाहेर आला, अति उत्तम. सहा महिन्यांनी माझ्या कागदावर वरून शेरा आला: यांची पारख आता परिपक्व झाली आहे, यांना याच विभागात कायम करावे.

हे मी बायकोला पत्राने कळवलं.