घरमालकांचं युरेनियम

युरेनियमची ओळख घरच्या पाहुण्यासारखी, छाती फुगवून करून देणारा माणूस सबंध नवी मुंबईत एकच निघेल, आणि तो आमचा घरमालक आहे. करंजाड्यात जिथे या काकांचं भात पिकायचं तिथे आता तीन मजले उभे आहेत. खाली ते, वर आम्ही भाडेकरू. जमीन गेली, पण खताचं वेड गेलं नाही, कारण पुढची सगळी नोकरी त्यांनी खताच्या कारखान्यात केली, तीही रॉक फॉस्फेट दळायच्या गिरणीवर. रॉक फॉस्फेट म्हणजे खताचा दगड. त्यातून पिकाला स्फुरद मिळतं. त्याचा एक खडा काकांच्या खिशात कायम असतो, आणि लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत, जिथे कुणी मोकळा दिसेल तिथे तो बाहेर निघतो. "जुन्या समुद्राचा तळ हाय हा. मासे मेले, हाडं साचली, त्याचा दगड झाला. आपली सुकटच म्हन, फक्त जरा जास्त सुकलेली." समोरचा हसतो न हसतो तोच काका आवाज खाली आणतात, "आनि यात युरेनियम पन हाय."

त्यातून जावयाने त्यांना किरणं मोजायचा मीटर आणून दिला. टिकटिक करणारं ते यंत्र हातात आल्यापासून काकांनी काही सोडलं नाही. केळी मोजली, ओट्याचा ग्रॅनाइट मोजला, भाचीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीवरून मीटर फिरवून "पोरगा साफ हाय" असं भर बैठकीत जाहीर केलं. ते लग्न जमलं, त्याचं श्रेय काका आजही मीटरला देतात. गच्चीवरची वांगी पहिल्या तोडणीला भाडेकरूंच्या घरी द्यायची, मग आपण खायची, ही त्यांची शेतीच्या काळापासूनची रीत. यंदा पिशवी देताना त्यांनी अभिमानाने खताचं सगळं कूळ, युरेनियमसकट, सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळी वांगी त्यांच्या दाराशी परत. काकांना खरंच कळेना. देवगडचा हापूस म्हटल्यावर कुणी आंबा परत करतं का? मातीत, दगडात ते थोडं थोडं सगळीकडेच असतं, असं ते जिन्यातून प्रत्येक मजल्याला उद्देशून सांगत राहिले. ऐकायला दारं उघडी नव्हती.

आमचं दार उघडं होतं, तीच पंचाईत झाली. मी बुलढाण्याकडचा, आठवीतून शाळा सुटलेली. इथे कुणी ओळखीचं नसताना काकांनीच मला त्या दगडाच्या गोदामात चिकटवलं होतं; भुकटी पोत्यांत भरायची, थप्प्या लावायच्या. बायकोला सहावा महिना लागलेला. तिने जिन्यातलं भाषण ऐकलं, माझ्या शर्टावरची धूळ पाहिली आणि बॅग काढली. "मी माहेरी चालले. तुमी हे काम सोडलं की सांगा, मग बघू." काम सोडून मी कुठे जाणार होतो? तसा मी गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघणारा माणूस. काकांना जाऊन विचारलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी चपला घातल्या.

गोदामात त्यांनी मीटर थप्पीला लावला. टिकटिक वाढू नये म्हणून मी मनात देवाला विनवत होतो. ती वाढली. मुकादम म्हणाला, काका, घरी वेगळं सांगा. काकांनी त्यालाच झापलं, मास्क कुठे आहेत म्हणून, आणि ते कपाटातून निघेपर्यंत तिथेच उभे राहिले.

घरी येऊन काका बॅग भरत असलेल्या माझ्या बायकोसमोर जमिनीवर बसले. "पोरी, खोटं नाय बोलनार. मीटर वाढतो. पन थोडा. बाजूला उभं राहून घाबरावं एवढा नाय. वैरी हाय ती धूळ. ती याच्या छातीत नको आनि तुज्या घरात नको. तुज्या डॉक्टरीनबाईला पन विचार, माज्यावर जाऊ नको."

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. तरी बायको म्हणाली, "आणि हे विसरले तर?"

"मी हाय ना."

दुसऱ्या दिवसापासून जिन्याखालच्या मोरीत साबण, बादली, माझे धुतलेले कपडे आणि बाहेर खुर्चीवर काका. अंघोळ केल्याशिवाय पायरी चढायची नाही. नाक्यावर कस्टमवाला बघणार नाही इतकं बारकाईने बघायचे; कानामागे पांढरं दिसलं की परत आत. भाडेकरू हसायचे. बायकोने बॅग माळ्यावर टाकली.

मुलगी झाली, आता घरभर रांगते. काकांचे गुडघे मात्र गेले. खुर्ची आता त्यांच्या खिडकीच्या आत असते. मी मोरीतून बाहेर येऊन ओरडतो, "काका, झाली." आतून येतं, "कान?" मी धुतले म्हणतो, मग वर जातो.

हल्ली एखाद्या संध्याकाळी त्यांचा डोळा लागलेला असतो. मी हाक मारतो, आतून काहीच येत नाही. वरून पोरीचा आवाज येत असतो, अंगावर कपडे स्वच्छ असतात, तरी मी ओल्या केसांनी पायरीशी थांबून राहतो.