राहीचा दुसरा प्रश्न

माझी धाकटी जाऊ राही दिसायला चारचौघींसारखीच. नवरा जोतीराम लढाईवर गेलेला, पदरी मूल नाही, अक्षरओळख नाही. तरी घरातली सगळी पोरं तिच्याच मागे, माझी बनूसुद्धा. नऊ महिने पोटात वागवली मी आणि पोर मात्र तिची, याने माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कवठ्याच्या बाजाराला राही पोरांना घेऊन जायची. भाजी घेऊन झाली की औषध विकणाऱ्यापुढे त्यांना बसवायची. घ्यायचं काही नाही, मध्ये बोलायचं नाही, शेवटपर्यंत ऐकायचं. परतताना वाटेत विचारायची, काय काय बोलला? शब्दाला शब्द जुळला पाहिजे. मग दुसरा प्रश्न, काय बोलला न्हाई?

एकदा बनू नाचतच घरी आली. कुण्या सरदाराच्या बायकोने ते चूर्ण वर्षभर खाल्लं, असं औषधवाल्याने सांगितलं होतं. ती बरी झाली, असं मात्र तो एकदाही म्हणाला नव्हता. सगळे हसले. सासऱ्यांनी राहीचं तोंडभर कौतुक केलं. माझी तव्यावरची भाकरी करपली.

तेव्हाच मी ठरवलं, बनूला सांगलीला माझ्या भावाकडे शिकायला ठेवायचं. त्याच संध्याकाळी, राहीच्या देखत, सासऱ्यांनाही पटवलं. शाळा हे निमित्त, मला तिला राहीपासून तोडायची होती.

दुसऱ्या दिवशी बनूला जवळ घेऊन सगळं रंगवून सांगितलं. मामाचं माडीचं घर, कृष्णेचा घाट, मुलींची शाळा, नवं परकर-पोलकं. पोर मध्ये अवाक्षर न काढता ऐकत होती. ते ऐकणंही राहीचंच. माझं संपल्यावर म्हणाली, "आई, तिकडं काकी नसंल, ते तू सांगितलं न्हाईस."

माझं डोकंच फिरलं. राहीनेच पढवलं तुला, जाऊ नको म्हणाली असेल, असं मी ओरडले.

"न्हाई. कालच म्हणली, जा. शाळा चांगली हाय. पर पयल्यांदा लय रडू येईल, आन हिकडं आईलाबी येईल. ते तुला कुणी सांगणार न्हाई, म्हणून मी सांगते, म्हणली."

जूनमध्ये बनू गेली. माझ्या सांगण्याने नव्हे, राहीच्या. गाडी वळणाआड झाली आणि मला रडू आवरेना. राहीने पाण्याचा तांब्या पुढे केला. माझं रडू तिला माझ्याआधी कळलं होतं, याचा मला अजून हेवा वाटतो.