बदकाच्या अंड्यांचा केक आणि वरवंटा

ये गं, अशी जवळ सरक. मागच्या खेपेला बदकाचं अंडं बघून नाक मुरडलंस आणि ऑम्लेट न खाताच गेलीस. मावशीशी असं वागतात का? आता ऐक गुमान.

आमच्या घरी अंडं चालायचं, पण स्वयंपाकघरात नाही. सासूबाईंचा तसा नेमच होता. मागच्या गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. आतली वस्तू एकदा का बाहेर अंड्याच्या भांड्याला लागली, की ती कायमची बाहेर.

नव्वदनंतरची गोष्ट. तुझी ताई, म्हणजे माझी लेक, दहा वर्षांची होणार होती. बेकरीचा कशाला, मी घरी करते केक, असं मी बोलून बसले आणि तिनं ते सगळ्या वर्गाला सांगितलं. घोटीकडून भाजी घेऊन येणारी बाई वाढदिवसाच्या दिवशी सकाळी अंडी देणार होती. दिली, पण बदकाची. "कोंबड्या खुडूक बसल्या ताई, अंडी देईनात. ही बी लय ताजी हायेत," म्हणाली.

वहीत चार अंडी लिहिलेली, मी चार फोडली. ती कोंबडीच्या अंड्याच्या दीडपट, हे डोक्यात कुणाच्या आलं! बलक असा केशरी, की पीठ बघूनच मी खूश. गंगेवरची, म्हणजे आपल्या इथल्या नदीवरची, वाळू पातेल्यात तापवली, त्यात केकचं भांडं ठेवलं, वर ताट झाकलं. सासूबाई उंबऱ्याच्या आत जप करत बसल्या. बघत नाही बघत नाही म्हणत सगळं बघत होत्या.

अर्ध्या तासानं ताट हललं. केकनं ते चक्क डोक्यावर घेतलं होतं. एका बाजूनं वाफ भसाभसा बाहेर, मधे पीठ कच्चंच, आणि पोरी पाचला येणार. वर पाण्याचा तांब्या ठेवला, तो घसरला. घरात जड म्हणावं असं एकच, पाट्यावरचा वरवंटा. सासूबाईंच्या माहेरचा. तो मागायची माझी काही छाती होईना. लेक दाराला धरून उभी, डोळे भरलेले.

जप थांबला. सासूबाई उठल्या, वरवंटा दोन्ही हातांनी आणून उंबऱ्यावर ठेवला.

"घे. चटणीला मिक्सर आहे."

केक झाला वरून पाटासारखा सपाट, त्यावर ताटाचा गोल ठसा. पोरींना वाटलं, मुद्दाम केलेली नक्षी. भांडं चाटूनपुसून साफ! सासूबाईंनी तुकडाही घेतला नाही, पण मधे शिजलाय ना, हे आतून दोनदा विचारलं. पुढं कित्येक वर्षं मिक्सरची चटणी पानात पडली आणि कुणी कुरकुरलं, की एवढंच म्हणायच्या, केक चांगला झाला होता ना, मग खा.

वरवंटा अजून गॅलरीतच आहे, पाटा आत एकटा. पुढच्या खेपेला लवकर ये बाई, केक करू. तुझ्यासाठी तीनच अंडी घालीन, पण वरवंटा हाताशी ठेवीन.