माझं काम मी सांगितलं तो शुक्रवार

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्याची खोली सोडून सावली तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. नोकरी सुटली नाही. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली. दवाखान्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका दुरुस्त करणं हे माझं काम. गावात नेटवर्क जेमतेम, म्हणून मीटिंगमध्ये माझा कॅमेरा कायम बंद. हळूहळू माझं बोलणंही बंद झालं.

दोन वर्षं अशीच गेली. एका शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी तीन महिने खपून केलेलं काम पुण्यातल्या सहकाऱ्याने सगळ्यांना दाखवलं. कौतुक त्याचं झालं. त्याने काही लबाडी केली नव्हती. काम कोणाचं, हे कोणी विचारलंच नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटी कोणीतरी स्क्रीनवर माझं नाव वाचून म्हणालं, "अरे, या अजून आहेत का आपल्याकडे?"

मी लॅपटॉप मिटला. ओसरीवर आई बाबांकडून शब्द म्हणवून घेत होती. त्यांची जीभ वळत नव्हती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "काय झालं वं?" मी सगळं सांगितलं.

"मंग तू काऊन नाई बोलली?"

मी बाबांकडे पाहिलं. ते घाम येईपर्यंत 'पाणी' या एका शब्दासाठी झटत होते, आणि मी धडधाकट असून गप्प बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी मी वरिष्ठ बाईंना फोन केला. "मॅडम, माझं काम यापुढे मीच दाखवीन. दहा मिनिटं द्या."

"आधीच मागायची होतीस," त्या म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी बोलायला लागले आणि नेट गेलं. मी साध्या फोनवरून मीटिंगला जोडले गेले आणि सगळं सांगून संपवलं. त्यानंतर एकही शुक्रवार सोडला नाही.

धान कापणीच्या दिवसांत बाबा गेले. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या हाताखाली चार जणांची टीम आली. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला सांगितलं, तर तिचे हात थांबले.

"आता पुण्याले जा लागन काय तुले?"

"नाई माय. इथूनच."

तिने पदराने डोळे पुसले आणि सूप पुन्हा हातात घेतलं.