राधाबाईंचे दोन वेढे

परळच्या आमच्या चाळीत सर्वांत शांत खोली राधाबाईंची, आणि तिथं सात तान्ही मुलं असायची. आया गिरणीत गेल्या की मुलं त्यांच्याकडे. सहाणेवर दुधात जायफळ उगाळायचं, मोजून दोन वेढे, आणि एकेकाला चाटवायचं. "माझ्या हातालाच गुण आसा गो!" म्हणायच्या. गुण कसला, बाईंना जेवल्यावर आडवं व्हायचं असायचं. आम्हालाही ते ठाऊक होतं. पण मूल घरी म्हणजे कामावर खाडा, म्हणून आम्ही त्या गुणालाच हात जोडायचो. माझा मुलगाही त्या सातांत होता.

मालन बाळंतपणानंतर पहिल्यांदा कामावर गेली, त्याच दिवशी संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. सातांत नवी आलेली तिची नलू भारी रडकी. राधाबाईंनी परत पाठवू नये म्हणून मालननं निघताना दोन वेढे चाटवले. मग सासरे तात्या. त्यांना सभेची पत्रकं वाटायची होती. नलूला पोचवण्याआधी त्यांनी तीन दिले. राधाबाईंनी आपले ठरलेले दोन दिले आणि पदर तोंडावर घेऊन झोपल्या.

तीन वाजता सहा मुलं उठली. नलू नाही. गाल थोपटले, पाणी शिंपडलं, मान नुसती कलंडायची. त्या दिवशी तापानं माझा खाडा, म्हणून मी घरी होते. मी देवाचं नाव घेत डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांचं नाव काढलं की हसणाऱ्या राधाबाई त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या.

"किती दिलंत?"

"दोनच वेढे, देवाशपथ!"

तेवढ्यात निरोप मिळून मालन गिरणीतून धापा टाकत आली. "मी पण दोन दिले हो!"

पत्रकं टाकून तिच्यामागोमाग आलेले तात्या सभेचा झेंडा कोपऱ्यात टेकवत पुटपुटले, "मी... तीन."

"आणि देवानं किती दिले?" डॉक्टर म्हणाले. "बसा आता, श्वास बघत."

सभेची वेळ टळून गेली. महाराष्ट्र मिळवायला निघालेले तात्या नातीच्या उशाशी तिचे श्वास मोजत बसले. दिवेलागणीला नलूनं भोकाड पसरलं. एरवी त्या रडण्याला शिव्या घालणारी चाळ दारात जमून हसत होती. मालन तेवढी रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून राधाबाई मूल घेण्याआधी त्याचं तोंड हुंगायला लागल्या. जायफळाचा वास आला की मूल आईच्या कडेवर परत. सहाण त्यांनी देवाच्या चंदनाला दिली. सातही मुलं दुपारभर रडायची. संध्याकाळी आम्ही न्यायला गेलो की राधाबाई मांडीवर दोन आणि खांद्यावर एक घेऊन आम्हाला ओरडायच्या, "झोपतत खंय मेली!"

गिरणीच्या खडखडाटात पाळी सुटेपर्यंत आम्हाला मात्र ते रडणं ऐकू यायचं नाही.